ओझे आधी, गाडी मागाहून

पहाटेच्या काळोखात बेळगावहून जांबोटीच्या रस्त्याने गोव्याकडे निघालेली मालवाहू मोटारींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या लेखाचा विषय परका वाटणार नाही. कोबी, टोमॅटो, मिरची, गाजर, कोथिंबीर यांनी हौदे भरलेले असतात. वर ताडपत्री ओढून दोर आवळलेले असतात. आणि चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापसा, पणजी येथील बाजार वेळेवर गाठण्याची प्रत्येकाला घाई असते. गोव्याच्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या भाजीचा मोठा वाटा बेळगावकडून जातो, आणि आमच्या शाळेतील कितीतरी मुलांच्या घरची चूल याच व्यापारावर पेटते. त्यामुळे पिकअप गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी, हा वाद आमच्याकडे क्रिकेटच्या वादाइतक्याच आवेशाने चालतो.

आम्हाला मात्र हा प्रश्न वादासाठी पडला नाही. आमच्या वर्गातील एका मित्राचे वडील, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, दोन पावसाळ्यांपूर्वी घाट उतरत असता गाडीचे ब्रेक तापले आणि पकड सुटली. समोर वळण होते आणि वळणापलीकडे दरी. आप्पांनी प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचला; पाय मोडला, गाडी भंगारात गेली. पुढे चौकशीत कळले, की गाडीत काहीच दोष नव्हता. पाऊण टन वाहून नेण्यासाठी बांधलेल्या त्या गाडीत जवळजवळ दीड टन माल होता.

यंदा त्या घरी पुन्हा गाडी घेण्याचे ठरले. कर्ज काढावयाचे होते, म्हणून चूक परवडणारी नव्हती. आप्पांचे म्हणणे, पुन्हा लहानच घ्यावी, हप्ता झेपेल. काकांचे म्हणणे, घ्यायची तर बाजारात असेल त्यातली सर्वांत मोठी घ्यावी. मित्राची आई एवढेच म्हणाली, "कुठली पण घ्या, पण माणूस घरी परत यायला हवं." मित्राने हा पेच वर्गात सांगितला, तेव्हा आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, "मते गोळा करू नका रे, वजने गोळा करा." त्या वाक्याने आम्हा चौघा मुलांचे दिवाळीच्या सुट्टीतले काम ठरले. आम्ही काय केले व काय शिकलो, ते येथे सांगत आहोत.

प्रथम या वाहनाच्या कुळाविषयी थोडेसे. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशा मोटारीस पिकअप म्हणतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी' मोटारीला कारखान्यातच हौदा बसवून ती विकावयास आणली, आणि हा प्रकार रूढ झाला. आपल्या देशात महिंद्रा कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. आज जागोजागी दिसणारी बोलेरो पिकअप ही त्याच घराण्यातली म्हणावी लागेल. टाटा कंपनीने १९८६ साली '४०७' हा लहान ट्रक आणि १९८८ साली 'टाटामोबाइल' ही पिकअप काढली. पण खेड्यापाड्यांतील वाहतूक खऱ्या अर्थाने पालटली ती २००५ साली, 'टाटा एस' आल्यावर. दोन सिलिंडरांचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, सुमारे १६ अश्वशक्ती, आणि पाठीवर पाऊण टन ओझे! लोकांनी त्याचे नाव ठेवले 'छोटा हत्ती'. हत्तीच्या पाठीवर हौदा असावयाचाच, म्हणून नाव अगदी शोभून दिसले. त्यानंतर २०११ साली अशोक लेलँडने निस्सानच्या सहकार्याने 'दोस्त' आणला, २०१६ साली मारुती सुझुकीची 'सुपर कॅरी' आली, २०१७ साली टाटांची 'योद्धा' व २०१९ साली 'इंट्रा', आणि २०२० साली अशोक लेलँडचा 'बडा दोस्त'. गिऱ्हाईक गोंधळून जावे इतकी ही गर्दी आहे.

या गर्दीत वाट काढण्यासाठी आम्ही कंपन्यांची नावे बाजूला ठेवली आणि ओझ्याप्रमाणे गाड्यांचे तीन वर्ग पाडले. पहिला वर्ग पाऊण टनाच्या आसपास ओझे नेणाऱ्यांचा. त्यात टाटा एस, सुपर कॅरी, महिंद्राची जीतो अशा गाड्या येतात. दुसरा एक ते दीड टनाचा. त्यात इंट्रा, दोस्त आणि बोलेरो पिकअपचे लहान प्रकार आहेत. तिसरा पावणेदोन ते दोन टनांचा. त्यात बोलेरो पिकअप, योद्धा व बडा दोस्त यांचे मोठे प्रकार मोडतात. असे वर्ग पाडताच एक गोष्ट ध्यानात आली. लोक 'टाटा चांगली की महिंद्रा' असे भांडतात, तेव्हा पुष्कळदा एकाच्या मनात पहिल्या वर्गातली गाडी असते आणि दुसऱ्याच्या मनात तिसऱ्या वर्गातली. बैल आणि रेडकू यांची तुलना करून कोणाचे दावण चांगले हे ठरविण्यासारखेच ते आहे.

मग आम्ही आप्पांच्या मळ्यावर गेलो आणि ओझे मोजले. ते सर्वसाधारण दिवशी ४५ क्रेट माल पाठवितात. भरलेल्या क्रेटमध्ये भाजी २५ किलो. म्हणजे ४५ गुणिले २५, एकूण ११२५ किलो. "बघा, सव्वा टनाच्या आतच आहे," काका म्हणाले. पण सरांचे वाक्य आमच्या मनात होते. आम्ही रिकामा क्रेट काट्यावर ठेवला. तो सुमारे दोन किलो भरला. ४५ क्रेटांचे ९० किलो झाले. चालक आणि सोबतचा गडी मिळून १३० किलो धरले. हौद्यावर ताडपत्रीसाठी बसवावयाचा लोखंडी सांगाडा, ताडपत्री आणि दोर यांचे ५० किलो. साऱ्यांची बेरीज १३९५ किलो, म्हणजे जवळजवळ १४०० किलो झाली! ज्याला सारे घर सव्वा टनाच्या आतला माल समजत होते, तो प्रत्यक्षात चौदाशे किलोंचा भार होता. यात कोणी कोणाला फसविले नव्हते; केवळ मोजले नव्हते.

येथे वाचकांनी तीन शब्द ओळखून ठेवावेत. रिकाम्या वाहनाचे वजन हा पहिला; पूर्ण भरलेल्या वाहनाचे कमाल वजन हा दुसरा; आणि या दोहोंतील वजाबाकी म्हणजे गाडीची वहनक्षमता, हा तिसरा. पहिली दोन्ही वजने गाडीच्या आर. सी. पुस्तकात नोंदलेली असतात. त्या कमाल वजनात माल, माणसे, सांगाडा, डिझेल सारे धरले जाते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो वहनक्षमतेचा आकडा. गाडी घेतल्यावर आपण जे जे तिच्यावर चढवू, ते ते त्या आकड्यातून वजा होत जाते. हा हिशेब मांडताच आप्पांची लहान गाडी यादीतून आपोआप गळाली. तिला रोज दोन खेपा कराव्या लागल्या असत्या, आणि दुसरी खेप बाजाराची वेळ उलटून पोहोचली असती.

मग काकांची मोठी गाडी का नको? या प्रश्नाला कायद्याने निम्मे उत्तर दिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्या मालवाहू वाहनाचे भरलेले कमाल वजन ३००० किलोंपेक्षा अधिक नाही, त्याला परमिटची आवश्यकता नसते. म्हणूनच दीड टनापर्यंत ओझे नेणाऱ्या कित्येक पिकअपांचे कमाल वजन तीन हजारांच्या किंचित आत ठेवलेले दिसते. पावणेदोन टनांच्या पुढच्या गाड्या ही रेषा बहुधा ओलांडतात. आमच्या भाजीला तर दोन राज्यांतून प्रवास करावयाचा असतो. उरलेले निम्मे उत्तर व्यवहाराने दिले. मोठी गाडी रिकामी असतानाही जड असते. ती परतीच्या वाटेवर रोज स्वतःचेच वजन घाटावर चढवीत आणणार, आणि त्याचे डिझेल आप्पांच्या खिशातून जाणार. वर्षातून वीस दिवस उपयोगी पडणाऱ्या जागेसाठी उरलेले सारे दिवस हप्ता भरणे शहाणपणाचे नव्हे.

आता इंजिनाकडे वळू. गाडीच्या दुकानात अश्वशक्तीचा आकडा सर्वांत आधी सांगतात. पण पहिल्या टाटा एसची अश्वशक्ती १६ च्या आसपास होती, आणि आज रस्त्यावरच्या अनेक मोटारसायकलींची तितकीच असते. तरीही मोटारसायकल पाऊण टन ओढू शकत नाही. असे का? काम किती वेगाने होते ते अश्वशक्ती सांगते. इंजिनाचा दांडा किती जोराने पिळला जातो, ते टॉर्क सांगतो. हा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. गिअरपेटी हा पीळ वाढवून चाकांपर्यंत पोहोचविते. मात्र जितका पीळ वाढतो तितका वेग घटतो. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा लांब असला की हात हलका लागतो, पण फिरवावे अधिक लागते, तसाच हा सौदा आहे. यास्तव पिकअप पाहताना कमाल अश्वशक्ती विचारण्यापेक्षा, कमी फेऱ्यांवर टॉर्क किती मिळतो आणि पहिला गिअर किती जड ओढतो, हे विचारणे अधिक योग्य होय.

इंजिनांच्या घडणीतही फरक आहेत. इंट्राच्या काही डिझेल प्रकारांत चार सिलिंडरांचे १४९६ घनसेंटिमीटरचे इंजिन असते, दोस्तमध्ये तीन सिलिंडरांचे १४७८ घनसेंटिमीटरचे, तर बोलेरो पिकअपमध्ये चार सिलिंडरांचे २५२३ घनसेंटिमीटरचे. मोठे इंजिन तेच ओझे कमी श्रमाने ओढते. लहान इंजिन हलके व काटकसरी असते, पण त्याला अधिक राबावे लागते. सुपर कॅरीचे डिझेल इंजिन एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले त्या सुमारास बंद झाले, आणि ती पेट्रोल व सी.एन.जी. यांवर चालू लागली. सी.एन.जी. गावातल्या फेऱ्यांना स्वस्त पडतो. परंतु टाकीचे वजन ओझ्यातून वजा होते आणि पंप वाटेवर असावा लागतो. २०२२ साली टाटा एसचा विजेवर चालणारा प्रकार आला. शहरातल्या शहरात दूध, पाव, सिलिंडर पोहोचविणाऱ्यांनी त्याचा अवश्य विचार करावा. बेळगावहून पणजीला जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्या जड मालाला मात्र तो सोयीचा नाही.

तथापि आमच्या मते या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आम्हाला भूगोलाच्या नकाशाने दाखविली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. साखळीपासून पुढचा गोवा जवळजवळ सपाटीवर. म्हणजे आमची गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि रिकामी असताना चढते. सारे लोक 'गाडी घाट चढेल काय' असे विचारतात. आप्पांना विचारावयास हवे होते ते 'भरलेली गाडी घाट उतरेल काय' असे.

हे सिद्ध करण्यासाठी आम्ही फळ्यावर एक गणित मांडले. एकूण ३००० किलो वजनाची गाडी ७०० मीटर खाली उतरते. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की ३००० गुणिले ९.८ गुणिले ७००, म्हणजे सुमारे २ कोटी ६ लक्ष ज्यूल ऊर्जा येते. गाडीचा वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर ही ऊर्जा कोठे तरी खर्च झालीच पाहिजे. थोडी हवेच्या व टायरांच्या विरोधात जाते. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ही सारी ऊर्जा पाण्याला दिली, तर साठ लिटरांहून अधिक गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल! एवढी उष्णता हातभर रुंदीच्या चार चाकांतील ब्रेकवर पडली, की त्यांचे लायनर तापतात, जळका वास येतो, पायाखालचे पेडल दाबले तरी पकड लागत नाही. आप्पांच्या बाबतीत हेच घडले. ओझे दुप्पट होते, म्हणून ब्रेकना पचवावयाची उष्णताही पुष्कळ वाढली होती.

यावर उपाय जुन्या चालकांना ठाऊक आहे. ज्या गिअरने घाट चढावा, त्याच गिअरने तो उतरावा. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवितात, इंजिन विरोध करते, आणि ब्रेकवरचा पुष्कळसा भार कमी होतो. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणारा चालक हाच आधार सोडून देतो. आणि जो इंजिनही बंद करतो, त्याच्या ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदतही थांबते. पाच रुपयांचे डिझेल वाचते, आणि पणाला काय लागते ते सांगावयास नको.

त्यानंतर मागच्या पाट्यांचा विचार. पोलादी पाटे जितके जाड व अधिक, तितका भार पेलतो. पण हौदा अर्धा रिकामा असला की गाडी उसळते आणि टोमॅटोचा लगदा होतो. म्हणून पोती व सिमेंट नेणाऱ्याची गाडी आणि फळभाजी नेणाऱ्याची गाडी एकच असेल असे नाही. हौद्याची लांबी पाहताना माल मागच्या आसाच्या फार पलीकडे जात नाही ना, हेही पाहावे. मागे भार लटकला, की तरफेच्या नियमाने पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते.

इतका हिशेब झाल्यावर दीड टनाच्या वर्गातील दोन गाड्या शिल्लक राहिल्या. कागदावर दोन्ही इतक्या सारख्या, की आम्ही अडलो. तेव्हा आम्ही नाक्यावरच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "पोरांनो, गाडी बंद पडली तर कोथिंबीर थांबणार आहे का? सुटा भाग कुठे मिळतो ते आधी बघा." त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. भाजी नाशवंत आहे. तीन दिवस गाडी उभी राहिली तर हप्ता थांबत नाही आणि मालही टिकत नाही. म्हणून आम्ही दोन्ही कंपन्यांची दुरुस्तीची ठिकाणे वाटेवर कोठे कोठे आहेत ते वहीत मांडले. क्लचप्लेट, ब्रेक लायनर, पाटे या तीन नेहमी लागणाऱ्या भागांच्या किमती विचारल्या. आणि त्याच रस्त्यावर तीच गाडी चालविणाऱ्या पाच जणांना भेटलो. शेवटी काकांनी दोन्ही विक्रेत्यांकडे एकच अट घातली, की रिकामी गाडी चालवून पाहणार नाही, हौद्यात पोती भरून चढावावर आणि उतारावर चालवूनच पाहू. खरेदीपूर्वी प्रत्येकाने हा आग्रह धरावा.

या निमित्ताने आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या घरोघरी उपयोगी पडाव्यात. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या मोटारीचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. आणि कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा माल भरणाऱ्यास २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय तो माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद केली आहे. दहा क्रेट जास्त भरून मिळणारा नफा या दंडापुढे किती टिकेल, हे गणित वाचकांनीच करावे.

दोहोंपैकी कोणती गाडी घेतली, ते आम्ही येथे सांगत नाही. सांगितले तर तेवढे एक नाव लक्षात राहील आणि हिशेब विसरला जाईल. आप्पांची वाट घाटाची, माल नाजूक आणि खेप चौदाशे किलोंची. म्हणून त्यांना ती गाडी योग्य ठरली. सपाट रस्त्याने विटा नेणाऱ्याला तीच गाडी अयोग्य ठरेल. कंपन्यांमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यापूर्वी आपले ओझे किती, आपला रस्ता कसा आणि बंद पडल्यास हाकेला कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने लिहून काढली, त्याची निवड निम्म्याहून अधिक झालीच म्हणून समजावे.

नवी गाडी आली, त्या दिवशी मित्राच्या आईने तिची पूजा केली, नारळ फोडला आणि आम्हा साऱ्यांना पेढे दिले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आम्हाला एक काम सांगितले. लाल रंगाचा डबा व कुंचला देऊन त्यांनी हौद्यावरील सांगाड्याच्या आतल्या बाजूस, ४५ क्रेट रचले की त्यांची वरची कड जेथे येते, तेथे एक सरळ रेघ ओढून घेतली. सुगीच्या दिवसांत कधी साठ क्रेटही निघतात. तेव्हा उरलेले पंधरा शेजाऱ्याच्या गाडीतून भाडे देऊन जातात. त्या लाल रेघेच्या वर आजतागायत एकही क्रेट चढलेला नाही.